अकरा महिने थांबले. व्याज उतरलं, घराचा भाव चढला. आता?

वही_दोनशेपानी
१७ डिसेंबर २०२५

प्रश्न घराचा आहे आणि थोडा लांबणार आहे. पुण्यातल्या, त्यातून कर्ज फेडत असलेल्या मंडळींनी जरूर वाचावं.

आम्ही तिघं. मी, नवरा आणि तिसरीतली मुलगी. सिंहगड रोडला आनंदनगरच्या मागे वन बीएचकेत भाड्याने राहतो, भाडं १८,५००. करार फेब्रुवारीअखेर संपतोय आणि मालकांनी 'या वेळी वीस तरी करू' असं जिन्यात भेटल्यावर सांगून टाकलंय. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, हातात ५२,००० येतात. नवऱ्याचं फ्लेक्स छपाईचं लहानसं दुकान आहे. त्याचं उत्पन्न म्हणजे श्रावणातलं ऊन. पावसाळ्यात महिना २० हजारांवर येतो, गणपती-नवरात्रात ६०-७० होतो. आत्ता महापालिकेची निवडणूक लागलीय, त्यामुळे हे महाशय दुकानातच झोपतात. नऊ वर्षांनी निवडणूक आलीय, प्रत्येक चौकात प्रत्येकाला हसरा चेहरा लावायचाय.

धायरीत एक टू बीएचके बघितलाय. रीसेल, २०१३ ची इमारत, तिसरा मजला, कार्पेट ६२० चौरस फूट, लिफ्ट चालू आहे (मी दोनदा वर-खाली करून पाहिलं). मालक काका-काकू निवृत्त, मुलाकडे बंगळूरला जायचंय, पण घाई नाही. हे 'घाई नाही' फार महागात पडलं मला.

जानेवारीत त्यांनी ५८ लाख सांगितले. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. तेव्हा बँक ८.६० टक्के सांगत होती. लॅबमध्ये सगळे म्हणाले, वेडी आहेस का, फेब्रुवारीत रिझर्व्ह बँक रेपो (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) कमी करणार आहे, थांब. थांबले. ७ फेब्रुवारीला खरंच पाव टक्का कमी झाला, जवळजवळ पाच वर्षांनी पहिल्यांदा. मग वाटलं एप्रिलमध्ये अजून होईल. झाला, पाव. जूनमध्ये एकदम अर्धा. तेव्हा घ्यायला हवं होतं, पण लोभ. ऑगस्ट आणि ऑक्टोबरला काहीच नाही. आणि आता ५ डिसेंबरला पुन्हा पाव. रेपो साडेसहाचा सव्वापाचवर आला आणि तीच बँक आता मला ७.३५ म्हणतेय.

म्हणून मागच्या रविवारी पेढे घेऊन काकांकडे गेले, तर भाव ६४.

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे, त्यातला हिशेब देते. एफडी, पीएफमधून काढता येतील ते आणि नवऱ्याची पिकलेली पॉलिसी असं मिळून २४ लाख. घराला स्वतःचे १९ घालायचे, कर्ज ४५. मुद्रांक शुल्क एरवी ७ टक्के, पण घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर ६, म्हणजे ३ लाख ८४ हजार. नोंदणी ३० हजार. सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजार. खाली उरतात ६१ हजार. त्यात रंग, पंखे, टेम्पो. वीस वर्षांचा हप्ता ३५,८४० येतो.

(एकटीच्या नावावर म्हटल्यावर नवरा 'घे की' म्हणाला. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत, पण त्या दिवशी आमटीत मीठ जास्त होतं.)

एक बाब आणखी. जानेवारीत जीबीएसचे (नसांवर घाला घालणारा आजार, बोट दूषित पाण्याकडे होतं) पेशंट निघाले ते आमच्याच पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी. लॅबमध्ये असल्यामुळे ते दिवस मी जवळून पाहिलेत. त्यामुळे बिल्डिंगला पाणी कुठून येतं हे मी व्याजदराच्या आधी विचारते. उन्हाळ्यात टँकर लागतात असं कळलं.

तर विचारायचंय ते हे: दर अजून उतरेल म्हणून थांबू, की ७.३५ बघून आत्ता उडी मारू? आणि पुढे दर चढले तर? आईचं म्हणणं, 'कर्जाचं घर म्हणजे भिंतीला कान नाहीत, तोंडं असतात, खायला मागतात.' वडिलांचं म्हणणं, भाडं म्हणजे पाण्यात पैसे. दोघं एकाच सोफ्यावर बसून बोलतात.

---

निवृत्त_शाखाधिकारी

वहीताई, हिशेब नेटका आहे. एक ओळ राहिलीय, तीच आधी लिहितो. वाईट वाटेल.

जानेवारीत तुम्ही ३९ लाखांचं कर्ज ८.६० ने घेतलं असतं तर हप्ता ३४,०९२ बसला असता. आज ४५ लाख ७.३५ ने घ्याल तर ३५,८४०. म्हणजे सव्वा टक्का उतरूनही हप्ता चढाच. पण खरी गंमत पुढे आहे. जानेवारीतलं कर्ज रेपोला जोडलेलं असतं तर ते काय ८.६० वर बसून राहिलं असतं? ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या निर्देशांकाला जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावाच लागतो. तुमचं ते ३९ लाखांचं कर्जही घसरत घसरत ७.३५ पर्यंत आलंच असतं. त्या दराने त्याचा हप्ता ३१ हजारांच्या आसपास.

थांबून वाचलं काय? मधल्या महिन्यांचं जास्तीचं व्याज. अकराही महिने पूर्ण सव्वा टक्का जास्त भरला असता असं धरलं तरी ते ४५ हजारांच्या आत आहे. गेले काय? भावातले सहा लाख आणि अकरा महिन्यांचं भाडं, २,०३,५००.

आज हे सांगणं सोपं आहे, मला ठाऊक आहे. भाव उतरले असते तर मीच तुम्हाला शाबासकी दिली असती. सांगायचंय ते इतकंच की फ्लोटिंग कर्जात सहीच्या दिवशीचा दर तुमच्या पदरात पडत नाही. तो बसथांब्यावरच्या गाडीसारखा आहे, तुम्ही चढलात की पुढे जाणारच, कधी उतारावर, कधी चढावर. पदरात पडते ती घराची किंमत. ती एकदाच ठरते आणि पुन्हा बदलत नाही. माझ्या टेबलासमोर वर्षानुवर्षं माणसं बसली, पाव टक्क्यासाठी माझ्याशी तासभर भांडायची आणि घराच्या भावात मात्र मालकाने 'शेवटचं' म्हटलं की गप्प.

आता तुमच्या वहीतला दुखरा आकडा. ३५,८४० नव्हे, ६१ हजार. एवढीच शिल्लक ठेवून नव्या घरात शिरायचं नाही. दुकानातलं एक मशीन बिघडलं की संपलं. मग कर्ज वाढवा म्हणावं, तर ४८ लाखांचा हप्ता ३८,२२९ होतो आणि पावसाळ्यात तुमच्या घरात येतात ७२ हजार. बसत नाही. हेच घर ६० ला मिळालं तर ४३ लाख कर्ज घ्या, हप्ता ३४,२४७, आणि पावणेतीन लाख बाजूला राहतात. म्हणजे तुमचं गाडं व्याजदरापाशी अडलेलं नाही, चार लाखांपाशी अडलंय. रिझर्व्ह बँकेकडे बघत बसू नका, काकांशी बोला.

आणि हो, निवडणुकीच्या महिन्यावर वीस वर्षांचं कर्ज मोजू नका.

कोणी 'व्याजावर टॅक्स वाचतो' म्हणेल. दोन लाखांची ती वजावट राहत्या घराला जुन्या करप्रणालीतच मिळते. तुमच्या पगारावर नव्या प्रणालीत आज करच लागत नाही, मग वाचवणार काय?

---

वाघोली_ते_वाकड

शाखाधिकारी काकांचा हिशेब बरोबर, पण तो भाव चढलेल्या वर्षाचा आहे. माझ्या भावाने २०१४ साली वाघोलीत फ्लॅट घेतला, २०२० मध्ये घेतल्या भावाला विकला. सहा वर्षं दहा टक्क्यांच्या आगेमागे व्याज भरलं ते गेलं, मेंटेनन्स गेला, रोज खराडीच्या सिग्नलला तास गेला. तेव्हाही सगळे 'आत्ता नाही घेतलंस तर कधीच नाही' म्हणत होते. भाड्याला पाण्यात पैसे म्हणणाऱ्या वडिलांना पहिल्या वर्षीच्या हप्त्यातलं व्याज दाखवा. ४५ लाखांवर ७.३५ ने पहिल्याच महिन्यात साडेसत्तावीस हजार व्याज जातं. तुमचं भाडं साडेअठरा आहे.

मी भाड्याने राहतो, मजेत आहे. मालक बदलला की घर बदलतो. बायको मजेत आहे का, ते विचारू नका.

---

हप्तेबहाद्दर

'पुढे दर चढले तर?' हा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलाय, मी त्यावरच लिहितो, कारण त्यात माझे दात पडलेत.

ऑक्टोबर २०२१. मोशीत फ्लॅट. कर्ज ४० लाख, वीस वर्षं, दर ६.७०. सगळीकडे ढोल वाजत होते की इतकं स्वस्त कर्ज कधी नव्हतं. रेपो तेव्हा ४ टक्के होता. माझा हप्ता ३०,२९६. मला वाटलं हा आकडा आता वीस वर्षं दगडावर कोरला.

४ मे २०२२ ला, ठरलेल्या बैठकीची वाटही न बघता रिझर्व्ह बँकेने रेपो ०.४० टक्क्याने वाढवला. मग जून, ऑगस्ट, सप्टेंबर, डिसेंबर आणि फेब्रुवारी २०२३. चारचा साडेसहा झाला. पण माझा हप्ता ३०,२९६ च राहिला! मी खूश. बायकोला म्हटलं, बघ, आपली बँक चांगली आहे. बँकेचे मेसेज येत होते, इंग्रजीत, बारीक अक्षरात. वाचले नाहीत. दोष माझाच.

एप्रिल २०२३ मध्ये सहज स्टेटमेंट उघडलं. दर ९.२०. त्या महिन्याच्या ३०,२९६ पैकी मुद्दलात गेले होते तीन-साडेतीनशे रुपये. बाकी सगळं व्याज. दीड वर्ष हप्ते भरून चाळीस लाखांचे एकोणचाळीसच्या वरच होते. बँकेने हप्ता तसाच ठेवून मुदत ताणली होती, आणि ती ताणून ताणून माझ्या निवृत्तीच्या पलीकडे गेली होती. शाखेत गेलो तर तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, सर, ह्या हप्त्यात हे कर्ज तुमच्या हयातीत फिटत नाही. जवळजवळ पन्नास वर्षं लागतील.

मूळ मुदतीत आणायला हप्ता ३६,६०० च्या वर न्यावा लागला. एका महिन्यात सहा हजार. त्या वर्षी गावाकडे दिवाळीला गेलो नाही, कारण सांगितलं 'सुट्टी नाही'.

नंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम काढला की दर बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायचं, परिणाम समजावून सांगायचा. आता विचारतात. विचारलं की डोळे मिटून 'हप्ता वाढवा' म्हणा, मुदतीला हात लावू देऊ नका.

२०२५ मध्ये दर उतरले, पण मी हप्ता उतरवला नाही. साडेछत्तीस अंगवळणी पडलेत, जास्तीचे मुद्दलात जातात. पण अजून एक शहाणपण शिकलो. डिसेंबरच्या कपातीनंतर माझा दर ७.९५ होतो आणि तुमच्यासारख्या नव्या गिऱ्हाईकाला तीच मंडळी ७.३५ देतात. रेपोवर बँक जे जादा टक्के लावते, तो स्प्रेड माझा जुना, जाड. अर्ज दिला, थोडी फी भरली, कमी करून घेतला. स्वतःहून कोणी फोन करत नाही.

ताई, एक करून बघा. तुमच्या ४५ लाखांवर दर माझ्यासारखा अडीच टक्क्यांनी चढला तर ९.८५ होतो आणि हप्ता ४३ हजारांना टेकतो. पुढचे तीन-चार महिने त्याची रंगीत तालीम करा. भाडं १८,५०० भरा आणि उरलेले २४,५०० महिन्याच्या पाच तारखेला वेगळ्या खात्यात टाका, हातही लावू नका. जमलं तर घर घ्या. नाही जमलं तर कळेल तरी कुठे अडतं, आणि पैसे तुमचेच राहतील. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

---

लेस्टरकर

इकडचं सांगतो, तुलनेसाठी. इंग्लंडात बहुतेक जण दोन किंवा पाच वर्षांसाठी दर बांधून घेतात. मी २०२१ च्या शरदात १.४ टक्क्याने दोन वर्षं बांधला. १ लाख ६० हजार पौंडांवर महिना ६३२. ती दोन वर्षं संपेपर्यंत बँक ऑफ इंग्लंडचा दर ०.१ वरून ५.२५ वर गेला होता. नवा दर ५.६, हप्ता ९६२. तुम्हाला चटके हळूहळू बसतात, आम्हाला एकदम उकळत्या पाण्यात टाकतात. पाच वर्षांसाठी बांधलेले शेजारी त्या दोन वर्षांत माझ्याशी जरा जास्तच प्रेमाने बोलायचे.

पण आमच्याकडे पत्र काही महिने आधी येतं, तयारीला वेळ मिळतो. हप्तेबहाद्दरांसारखं गुपचूप मुदत ताणणं इथे ऐकलं नाही.

---

सातबारा

सगळे व्याजावर बोलतायत. मी नोंदणी कार्यालयाच्या दारात वीस वर्षं काढलीत, मी कागदावर बोलतो.

एक. ५८ आणि ६४ हे दोन्ही आकडे काकांच्या तोंडचे आहेत. तोंडच्या भावाला भाव म्हणत नाहीत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, फुकट आहे. गाव, वर्ष, मिळकत क्रमांक टाका. त्याच इमारतीतले कुठले फ्लॅट कितीला नोंदले गेले ते इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) वर दिसतं. तो कागद प्रिंट करून न्या. पेढे नंतर.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. धायरी २०१७ ला महापालिकेत आली. इमारत २०१३ ची, म्हणजे ग्रामपंचायतीच्या काळातली. त्या काळात 'सरपंचांची परवानगी आहे' म्हणत बरेच मजले चढले. बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला बघा. नकाशावर जिल्हाधिकारी कार्यालयाचा शिक्का हवा. तुमचा तिसरा मजला त्या नकाशात आहे ना, हेही बघा. हसू नका, दोन मजल्यांची मंजुरी आणि चार मजल्यांची इमारत मी पाहिलीय. सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी बदलून देणं, झालंय का विचारा. बँकेचा वकील हे बघतो, पण तो बँकेसाठी बघतो.

बँक कर्ज देते ते करारातली किंमत आणि तिच्या मूल्यांकनकाराचा आकडा यांतल्या कमी असेल त्यावर. मूल्यांकन ५९ आलं आणि तुम्ही ६४ ठरवले असतील तर वरचे खिशातून.

विसार द्यायचा तर लेखी, चेकने, आणि त्यात ओळ हवी: 'कर्ज नामंजूर झाल्यास किंवा कागदपत्रांत दोष आढळल्यास रक्कम पूर्ण परत.' ही ओळ लिहायला मालक कुरकुरला तर उठून या. आणि 'थोडे रोख द्या' म्हणाला तरी उठून या. रोखीवर ना कर्ज मिळत ना पावती.

एकटीच्या नावावर घ्या. ६४ हजार वाचतात. नवरा कर्जात सहकर्जदार राहू शकतो, मालकीत नाव असलंच पाहिजे असं नाही. आमटीचं बघून घेता येईल.

---

वही_दोनशेपानी
१८ जानेवारी २०२६

महिनाभर गायब होते, माफी. सगळ्यांना एकेक उत्तर द्यायला हवं, पण मुलीचा प्रकल्प (थर्माकोलचा रायगड) मध्ये आहे, म्हणून एकत्रच लिहिते.

शाखाधिकारी काका, तुमची ती 'राहिलेली ओळ' वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून वहीत लिहिली. लाल पेनाने. नवऱ्याला दाखवली तर म्हणाला, 'अगं पण तुझ्या लॅबमधले सगळे म्हणत होते ना?' त्या सगळ्यांपैकी एकाकडेही फ्लोटिंग कर्ज नाही, हे मी नंतर विचारलं. दोघांचं वडिलोपार्जित घर, एकाचं सासऱ्यांचं.

सातबारा, ई-सर्चला तीन रात्री लागल्या, ते चित्रातलं कोडं दर वेळी चुकायचं. पण सापडलं. त्याच इमारतीत २०२५ मध्ये दोन फ्लॅट नोंदलेत. मार्चमध्ये साडेसत्तावन, सप्टेंबरमध्ये ५९. दोन्ही याच मापाचे. म्हणजे ६४ ला त्या इमारतीत अजून कोणी घेतलेलं नाही! प्रिंट घेऊन गेले. काकांनी चष्मा लावून वाचलं, काकूंकडे पाहिलं. मग म्हणाले, 'खालच्या मजल्याला पार्किंग नव्हतं.' आम्हालाही स्कूटरपुरतंच आहे, मी म्हटलं. साडेएकसष्टपर्यंत आले. मी साठवर बसलेय. काकू मधेच म्हणाल्या, 'अकरा महिने येतेस, तुझ्या चहात साखर किती ते मला पाठ झालं.' त्यावर काय बोलायचं सुचेना, चहा प्यायले.

कागदांचं असं झालं. सेक्रेटरींच्या पत्र्याच्या पेटीत मंजूर नकाशा निघाला, जिल्हाधिकारी कार्यालयाचा शिक्का आहे, तिसरा मजला आहे (सातबारा, तुमच्यामुळे मी मजले बोटाने मोजले). पूर्णत्वाचा दाखला आहे. कन्व्हेयन्स झालेलं नाही. बिल्डर 'करू, करू' म्हणतोय, सोसायटी मानीव अभिहस्तांतरणाच्या (बिल्डरशिवायच कन्व्हेयन्स मिळवण्याच्या) अर्जाची तयारी करतेय, त्याची वर्गणी प्रत्येकी काय येणार ते अजून ठरलेलं नाही. तो खर्च मी वहीत एका चौकोनात घातलाय, आत प्रश्नचिन्ह. बँकेच्या मूल्यांकनकाराचा आकडा यायचाय.

पाणी. महापालिकेची लाइन आहे, दिवसाआड येतं, मार्च ते जून टँकर. मेंटेनन्स एरवी २,८००, त्या चार महिन्यांत ३,६००. मी टाकीचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि लॅबमध्ये तपासलं. काकांना सांगितलं नाही. ठीक आलं.

आणि आता रंगीत तालीम. हप्तेबहाद्दर, डिसेंबरची पाच गेली होती म्हणून ५ जानेवारीला सुरुवात केली. २४,५०० वेगळ्या खात्यात. निवडणुकीचा महिना, त्यामुळे मी म्हटलं हे तर हसत जमेल. पंधराला मतदान झालं, सोळाला निकाल. नवऱ्याने महिनाभर रात्रंदिवस छापलं, कागदोपत्री बिलं पावणेदोन लाखांची आहेत. त्यातले हातात आलेत ४१ हजार. निवडून आलेले सत्कारात आहेत, 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतात. त्यांच्या सत्काराचे फ्लेक्सही आमच्याकडेच छापायला आलेत, तेही उधारीवर. पडलेल्यांपैकी एकाचा फोन बंद आहे, दुसरा म्हणतो फ्लेक्सवर फोटो काळा आला होता म्हणून पडलो. शाई आणि फ्लेक्सच्या कापडाचे पैसे मात्र होलसेलवाल्याला रोख द्यावे लागले. आठ तारखेला त्या वेगळ्या खात्यातले नऊ हजार काढावे लागले.

म्हणजे पहिल्याच प्रयोगाला नाटक पडलं, तेही हंगामात. नवरा दोन दिवस गप्प होता. मग त्याने स्वतःच एक गोष्ट काढली, जी मी चार वर्षं सांगतेय: निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय छापायचं नाही. काल एका वाढदिवसाच्या पार्टीला त्याने खरंच परत पाठवलं. ती पार्टी समोरच्या दुकानात गेली. बघू.

त्यामुळे ठरवलंय असं. फेब्रुवारी आणि मार्च तालीम चालू ठेवायची, पण ४१ हजारांच्या हप्त्याची, म्हणजे साठला मिळालं आणि ४३ लाख कर्ज घेतलं, तरचा वाईटातला वाईट हप्ता. भाड्याचा करार वाढवावा लागेल, मालकांना १९,५०० वर राजी केलंय. काकांना हे सगळं सांगितलं. मार्चअखेरपर्यंत थांबाल का विचारलं. त्यांनी थांबतो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, बंगळूरच्या शाळेचं नातवंडांचं काहीतरी जूनमध्ये आहे एवढं बोलले. मधे कोणी ६४ देणारा आला तर गेलं घर, ते मला माहीत आहे. वाघोली_ते_वाकड, त्या दिवशी तुम्हाला चहाला बोलावते.

सासूबाईंचं राहिलं. मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून विचारलं, 'तुझ्या नावावर घेतलं की चौसष्ट हजार वाचतात म्हणे?' म्हटलं साठला मिळालं तर साठ हजार. त्या म्हणाल्या, 'मग त्यात स्वयंपाकघराचा ओटा होईल. तिथला फार खाली आहे, माझी कंबर धरते.' म्हणजे त्या ते घर बघून आल्यात. कधी, कोणाबरोबर, सांगत नाहीत.

सातबारा, एक शेवटचं विचारते. काका साठला हो म्हणाले आणि मी मार्चपर्यंतच्या मुदतीचा विसार दिला, तर ती 'रक्कम परत' वाली ओळ नेमकी कुठल्या शब्दांत लिहू? तुमच्याकडे जुना नमुना असेल तर टाका, मी वहीत उतरवून घेते.